रिपोर्ट कामगाराचा, निरोप ठेकेदाराला

"कामगाराला सगळं सांगत बसू नये, तो घाबरतो." भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखानी पट्ट्यात हे मत इतकं मुरलंय की त्याला कुणी मत म्हणतच नाही, अनुभव म्हणतात. कंपनीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, एचआरवाले म्हणतात, युनियनमधले आमचे काही जुने सहकारीही म्हणतात. यातले बरेचजण भले आहेत, कामगाराचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात नसतं. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या सुरक्षा समितीवर कामगारांचा प्रतिनिधी म्हणून काम केलंय आणि आजही मुलं हातात रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. हे मत चुकीचं आहे आणि त्यापायी माणसांची तब्येत, नोकरी आणि हक्काचे पैसे जातात, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आधी घडतं काय ते पाहू. वर्षातून एकदा 'मेडिकल' असतं. तपासणीवाल्यांची व्हॅन गेटच्या आत लागते. फर्स्ट शिफ्टची मुलं रांगेत उभी राहतात. वजन, बीपी, रक्त, छातीचा फोटो, डोळे. मग नळीत जोरात फुंकायचं, कानाला हेडफोन लावून आवाज आला की बटण दाबायचं. निकाल काही आठवड्यांनी येतो तो एका एक्सेल शीटमध्ये, आणि ती शीट जाते एचआरकडे. नाव, टिकिट नंबर, बीपी, शुगर, क्रिएटिनिन, शेवटच्या रकान्यात शेरा. तिथून ती सुपरवायझरकडे; मुलगा कॉन्ट्रॅक्टवरचा असेल तर ठेकेदाराच्या माणसाकडे. मग मशीन चालू असतानाच सुपरवायझर जवळ येऊन ओरडून सांगतो, "अरे, तुझ्या रिपोर्टमध्ये काहीतरी आलंय, दाखवून घे." काय आलंय, किती गंभीर आहे, कुणाला दाखवायचं, किती दिवसांत, हे त्याला ठाऊक नसतं, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. सगळीकडे असं चालत नाही. प्रत्येकाला समोर बसवून रिपोर्ट समजावणारे कारखान्यांचे डॉक्टरही मी पाहिलेत. पण जिथे "सांगू नये" असं धोरण असतं तिथे ते एकट्या आजारी माणसापुरतंच पाळलं जातं, बाकी सगळ्यांना कळलेलं असतं.

प्रेस शॉपमधल्या एका मुलाचा कानाचा रिपोर्ट मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. वय पंचविशीच्या आत. आलेखावर डावीकडून उजवीकडे २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे आकडे, उजव्या कानाची खूण गोल, डाव्याची फुली. २००० पर्यंतच्या खुणा वर, एका रेषेत. ४००० ला दोन्ही कानांच्या खुणा धाडकन खाली आलेल्या, ८००० ला पुन्हा थोड्या वर. सततच्या मोठ्या आवाजानं कान जायला लागला की आलेखात अशी खाच पडते. कानाच्या डॉक्टरला ती पाहताक्षणी ओळखू येते. रोजचं बोलणं ऐकायला लागणारा बराचसा भाग त्या खाचेच्या अलीकडे असतो, त्यामुळे मुलाला स्वतःला काही जाणवत नाही. "मला तर सगळं ऐकू येतं," असंच तो म्हणत होता. कागदाखाली शिक्का होता 'फिट'. इअरप्लग स्टोअरमध्ये होते, पण ते ऑडिटच्या दिवशी घालायचे असतात अशी त्याची समजूत होती. एरवी तो कानात कापूस घालायचा, आणि कापसानं प्रेसचा आवाज अडत नाही.

तो शिक्का कुणी खोटा मारलेला नव्हता. मुलगा त्या दिवशी प्रेस चालवायला फिटच होता. पण त्याच कागदात त्याच्या उरलेल्या आयुष्याबद्दलची एक बातमी होती, आणि ती वाचून दाखवणं कुणाचंच काम नव्हतं. ती सांगायला काय लागलं असतं? "बस. प्रेसच्या आवाजानं तुझ्या कानाला इजा व्हायला लागली आहे. बोलणं ऐकण्याइतका कान अजून शाबूत आहे. जे गेलं ते परत येणार नाही, पण रोज पूर्ण शिफ्ट प्लग घातलेस आणि आवाजापासून लांबची जागा मिळाली, तर पुढचं नुकसान थांबवता येईल. जागेसाठी मी लिहून देतो. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. आता मी काय सांगितलं ते तू मला तुझ्या शब्दांत सांग." ही वाक्यं मी डॉक्टर नसताना लिहू शकतो, डॉक्टर याहून चांगली बोलतील.

आता "घाबरतो" या मुद्द्याकडे येतो. घाबरतो, हे खरंच. वाईट बातमी ऐकून घाबरणं माणसाला शोभेसंच आहे. पण न सांगितल्यानं भीती टळते, हे मला मान्य नाही. "काहीतरी आलंय" हे ऐकलेला माणूस त्या रात्री म्हाळुंग्याच्या खोलीत मोबाइलवर छातीतल्या डागाचे व्हिडिओ पाहत बसतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि पिंपरी-चिंचवडमध्येही सापडू लागले, तेव्हा आपण हेच पाहिलं. लोकांनी चिकन सोडलं, पनीर सोडलं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं सगळं खरं मानलं. पायांतली ताकद अचानक कमी झाली, हातापायांना मुंग्या आल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात, ही दोन वाक्यं ज्याला एकत्र ऐकायला मिळाली तो कमी घाबरला. भीती आणि तिच्यातून बाहेर पडायची वाट एकाच दमात सांगावी लागते. आपल्याकडे नुसती भीती हातात देतात, नाहीतर "तसं काही नाही" म्हणून दोन्ही काढून घेतात.

"तसं काही नाही"ची किंमत किडनीच्या रुग्णाला विचारा. लाइनवर उभं राहून राहून कंबर धरते, म्हणून मेडिकल स्टोअरमधून वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं आणून खाणारी माणसं या पट्ट्यात घरोघरी आहेत. अशा माणसाचं क्रिएटिनिन वाढलेलं आलं आणि त्याला एवढंच सांगितलं की "थोडं वाढलंय, पाणी जास्त पी", तर तो पाणीही पितो आणि गोळ्याही खातो. त्या गोळ्याच किडनीला मारक आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. क्रोम प्लेटिंगच्या टाक्यांवरच्या माणसाला नाकातून रक्त येतं, तो म्हणतो उष्णता झाली. क्रोमच्या वाफांनी नाकाच्या आतल्या पडद्याला जखम होते, पुढे भोक पडतं, हे नाकात बॅटरी मारून पाहणाऱ्या डॉक्टरला दिसतं. दिसलेलं त्यानं पोटात ठेवलं, तर पुढच्या वर्षी भोक मोठं झालेलं दिसेल.

घाबरण्याचा हा युक्तिवाद फक्त आपल्याकडचा नाही. १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या नव्वद जणांचा कल कॅन्सर झाल्याचं रुग्णाला न सांगण्याकडे होता. कारण हेच, रुग्ण खचेल. १९७९ साली तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगायच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत तिथले रुग्ण एकाएकी धीट झाले नसणार. औषधं सुधारली, डॉक्टरांची सवय बदलली, आणि सांगितल्यावर माणूस कोसळतोच असं नाही हे त्यांना दिसलं.

"त्यांना कळत नाही" हा दुसरा मुद्दा, आणि हा ऐकून मला खरा राग येतो. ज्याच्याबद्दल हे बोललं जातं तो माणूस सीएनसीवर मायक्रॉनमध्ये काम करतो. दर काही पार्ट्सनंतर मायक्रोमीटर लावून मोजतो, कंट्रोल चार्टवर ठिपका टाकतो, आणि ठिपके सलग एका बाजूला सरकायला लागले की रिजेक्शन यायच्या आधीच टूल बदलतो. मर्यादेच्या आत असलेला आकडाही दिशा धरून चालला असेल तर तो धोक्याचा, हे त्याला कुठल्याही पदवीधराइतकं कळतं. त्याच्यासमोर तीन वर्षांची क्रिएटिनिनची आकडेवारी तशाच चार्टवर ठेवा आणि विचारा, काय दिसतंय. तो तुम्हाला सांगेल. न कळण्याचं कारण कागद इंग्रजीत असतो हे आहे, समजावणारा उभ्या उभ्या बोलतो हे आहे, आणि ओडिशातून आलेल्या पोराशी त्याला समजेल अशा भाषेत कुणी बोलत नाही हे आहे.

मग म्हणतात, आपली पद्धत वेगळी, आपल्याकडे घरच्यांना सांगतात. माझा या पद्धतीला सरसकट विरोध नाही. आईला गाठ निघाली तर मुलानं आधी डॉक्टरांना भेटावं, यात प्रेम असतं. एखादा रुग्ण स्वतःच म्हणतो, "डॉक्टर, मला नका सांगू, दादाला सांगा," तर तोही त्याचा हक्क आहे. पण तसं त्याला विचारायला हवं. वाईट बातमी कशी सांगावी याच्या सहा पायऱ्यांची 'स्पाइक्स' म्हणून ओळखली जाणारी पद्धत २००० साली वॉल्टर बेले, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. सांगण्याआधी रुग्णाला किती जाणून घ्यायचंय ते विचारणं, ही त्यातली एक स्वतंत्र पायरीच आहे. शिवाय या पट्ट्यात घरचे असतात कुठे? ते लातूरला, यवतमाळला, समस्तीपूरला असतात. निघोजे, कुरुळी, खालुंब्र्याच्या खोल्यांत असतो तो रूम पार्टनर. दवाखान्यात "पेशंटबरोबर कोण आहे?" असं विचारलं की पुढे येतो ठेकेदाराचा माणूस, कारण गाडी त्याची असते. घरच्यांसाठी असलेली पद्धत अशी आपोआप त्याच्या पदरात पडते. वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे नियम (२०२३ साली नवे आले, पण त्याच महिन्यात स्थगित झाले) सांगतात की डॉक्टरनं रुग्णाच्या प्रकृतीचं गांभीर्य वाढवून सांगू नये आणि कमीही करू नये, आणि रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार स्नेह्यांना त्याची माहिती राहील हे पाहावं. नातेवाइकांना सांगण्याची मुभा या नियमात आहे, हे मी कबूल करतो. मालकाला सांगण्याची नाही. उलट रुग्णाचं गुपित राखण्याचा नियम त्याच संहितेत आहे.

आता सगळ्यात वजनदार मुद्दा, जो मला डॉक्टरांपेक्षा कामगारांनीच जास्त वेळा ऐकवलाय. "साहेब, कागदावर आलं तर गेटपास बंद होईल. डॉक्टर गप्प बसले ते आपल्या भल्यासाठीच." ही भीती खरी आहे. कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलाला काढायला कारण लागत नाही. रिपोर्टमधला एक शेरा पुरतो. पण इथे कुणाला सांगितल्यानं नोकरी जाते ते पाहा. कामगाराला सांगितल्यानं गेटपास बंद होत नाही, ठेकेदाराला सांगितल्यानं होतो. म्हणजे उपाय क्रम उलटा करण्यात आहे. व्यावसायिक आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची, आयसीओएचची, १९९२ पासूनची आचारसंहिता याबाबतीत स्पष्ट आहे: कामासाठी योग्य आहे का, कुठलं काम देऊ नये, एवढंच मालकाला कळवायचं, आजाराचं निदान त्याला द्यायचं नाही. कंपनीनं पगार दिला म्हणून डॉक्टरचा रुग्ण बदलत नाही.

गप्प बसण्यानं कामगार काय गमावतो तेही पाहा. आवाजामुळे आलेला बहिरेपणा ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, आणि असा आजार म्हणजे कामावर झालेली इजाच धरली जाते. पण दावा करायचा तर आजार कामामुळे झालाय हे आधी कळायला तर हवं. मुलगा कंपनी सोडून गेला, चार वर्षांनी गावाकडे बायको म्हणाली टीव्हीचा आवाज केवढा ठेवता, तर तो पुरावा कुठून आणणार? १९४८ च्या कारखाना कायद्यात ज्या आजारांची सूचना सरकारला देणं सक्तीचं होतं, त्यांतही हा बहिरेपणा होता, आणि ती सूचना उपचार करणाऱ्या डॉक्टरनंही द्यायची होती. न दिल्यास दंड एक हजार रुपयांपर्यंत. भोपाळनंतर, १९८७ साली, त्याच कायद्यात ४१-सी हे कलम आलं: धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी अद्ययावत ठेवायच्या आणि त्या कामगाराला पाहायला मिळाल्या पाहिजेत. फाउंड्री, इलेक्ट्रोप्लेटिंग, बॅटरी, धातूचं ग्राइंडिंग त्या यादीत होतं; प्रेस शॉप नव्हतं, ही त्यातली मोठी फट. २०२० च्या सुरक्षा-आरोग्य संहितेनं तो कायदा पोटात घेतला तरी धोकादायक प्रक्रियांसाठी नोंदींचा हा हक्क ठेवला आहे. तो मागणारे मात्र मला फारसे भेटत नाहीत, कारण असा हक्क आहे हेच कुणी सांगत नाही.

वेळेचा मुद्दा उरतो, आणि सरकारी रुग्णालयांच्या बाबतीत मी तो मान्य करतो. संत तुकारामनगरच्या वायसीएमच्या ओपीडीत किंवा चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात सकाळी जाऊन उभं राहावं. समोर एवढी गर्दी असताना डॉक्टरनं एकेकाला बसवून बोलावं, हे म्हणणं सोपं आहे. २०१७ साली ६७ देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात प्राथमिक उपचारांसाठी डॉक्टर एका रुग्णाला देतो तो वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं आणि भारतात सुमारे दोन मिनिटं निघाला. दोन मिनिटांत कॅन्सर सांगता येत नाही. पण यावरचा तोडगा आपण याच शहरात, याच माणसांसाठी काढून दाखवलेला आहे. १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली ती भोसरीच्या एमआयडीसीत. त्या काळात एचआयव्हीहून भयंकर बातमी नव्हती; प्रभावी औषधं नव्हती, बदनामी मात्र होती. तरी या आजारात तपासणीआधी समुपदेशन, निकालानंतर समुपदेशन, बंद खोली, प्रशिक्षित समुपदेशक आणि निकाल फक्त त्या माणसाच्या हातात, ही घडी बसली. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रांत, ट्रक ड्रायव्हरला, हेल्परला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला समोर बसवून सांगितलं जातं. पुढे २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं हे बंधनकारकही केलं, आणि नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालायला मनाई केली. कामगार घाबरतो, त्याला कळत नाही, वेळ नाही, हे तिन्ही युक्तिवाद तिथेही करता आले असते. क्षयरोग, किडनी, कॅन्सर आणि कानासाठी तशी खुर्ची नाही, कारण ती टाकायचं कुणी ठरवलेलं नाही. आणि कारखान्याच्या मेडिकलला तर वेळेची सबब लागूच पडत नाही. तिथे रुग्ण आधीच ठरलेले असतात, ते आवारातच असतात, आणि तारीख कंपनीनं ठरवलेली असते.

याच्या उलट टोकावरचं दुखणंही याच पट्ट्यात आहे. कारखान्यात ज्याला "तसं काही नाही" सांगितलं, त्यालाच मेडिक्लेमचं कार्ड दिसताच एखाद्या खासगी रुग्णालयात "आजच अ‍ॅडमिट करा, नाहीतर हमी नाही" असं ऐकवलं जातं. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ साली 'डिसेंटिंग डायग्नोसिस' हे पुस्तक केलं. नफ्यासाठी केल्या जाणाऱ्या गैरप्रकारांबद्दल त्यात डॉक्टरांनीच तोंड उघडलं आहे. आजार लपवणं आणि फुगवणं हे दोन्ही आचारसंहितेतल्या त्याच एका नियमाचे भंग आहेत, आणि दोन्हींत रुग्णाला निर्णय घ्यायला जागा उरत नाही.

आणखी एक मुद्दा डॉक्टर मांडतात: खरं सांगितलं की नातेवाईक अंगावर येतात. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली की त्याचा डोळा गेला. त्याचं समर्थन करणाऱ्याशी मला बोलायचंही नाही. पण जमाव भडकतो ती वेळ आठवून पाहा. "प्रकृती स्थिर आहे" हे चार दिवस ऐकल्यावर पाचव्या दिवशी पहाटे "गेले" असं ऐकावं लागतं, तेव्हा तो भडकतो. रोज थोडं थोडं खरं सांगितलेल्या घराची तयारी झालेली असते. हे सांगायचं कसं, ते जुन्या पिढीच्या डॉक्टरांना कुणी शिकवलंच नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादाचा भाग रीतसर आला तो २०१९ च्या तुकडीपासून. त्याआधीच्या डॉक्टरांनी आपापल्या परीनं शिकून घेतलं, कुणी जमवलं, कुणाला जमलं नाही. त्यांना दोष देण्यापेक्षा शिकण्याची सोय करणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि कारखान्यांच्या डॉक्टरांसाठी ती सोय कंपन्यांनी पैसे टाकून करावी.

म्हणून माझं सुरक्षा समित्यांवरच्या सोबत्यांना सांगणं आहे. पुढची व्हॅन गेटवर यायच्या आत, तपासणीचा करार होत असतानाच, बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या: रिपोर्ट बंद पाकिटात कामगाराच्या हातात, एचआरला आणि ठेकेदाराला फक्त कामाची योग्यता आणि निर्बंध, ज्याच्या रिपोर्टमध्ये काही निघालंय त्याला शिफ्टच्या वेळेत, पगार न कापता, बंद खोलीत डॉक्टरसमोर दहा मिनिटं, त्याला समजेल त्या भाषेत, आणि मागच्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवून. हे सगळं कॉन्ट्रॅक्टवरच्या, ट्रेनी म्हणून घेतलेल्या पोरांनाही, पर्मनंटच्याच रांगेत. व्यवस्थापन म्हणेल, खर्च वाढेल. तो किती वाढेल ते त्यांना कागदावर मांडायला सांगा, आणि तो आकडाही इतिवृत्तात घ्या.